पेनिसिलिनच्या बाटल्यांतले कोळी

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा माझे यजमान चिखलदऱ्याहून काचेच्या बरणीत एक कोळीण घेऊन आले. अमरावतीच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते. येताना माझ्यासाठी काहीतरी आणतील, अशी माझी समजूत होती. त्यांनी बरणी माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "हलवू नको. अंडी आहेत तिच्याजवळ."

बरणीत तळहाताएवढी मातकट रंगाची कोळीण होती. पोटाखाली तिनं एक पांढरी, चपटी पिशवी धरून ठेवली होती. हे कोळी जाळं विणत नाहीत, रानात जमिनीवर भटकतात आणि भक्ष्यावर झडप घालतात, असं यजमानांनी सांगितलं. विषारी आहेत का, असं मी विचारलं. आहेत, असं त्यांचे प्रोफेसर म्हणाले होते. किती विषारी, ते प्रोफेसरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणूनच पिलांपासून वाढवून बघायचं होतं. हे काम खरं तर कॉलेजात व्हायचं, पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा बरणीत डोकावून पाहिलं आणि इमारतीत हा प्राणी नको असा लेखी हुकूम काढला. म्हणून संशोधन आमच्या घरी आलं.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई नांदगाव खंडेश्वरकडच्या. लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून त्यांनी मुलाला बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळे तो जे करतो ते शिकलेल्या माणसाचं काम, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. छप्पन साली आमच्या दोन्ही घरांनी दीक्षा घेतली होती. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पंचशील तोंडपाठ होतं. नुसतं पाठ नव्हतं, त्या ते पाळतही होत्या.

आठ-दहा दिवसांनी पिशवी उकलली आणि मोहरीएवढी पिलं बाहेर आली. कोळीण दोन दिवसांत मेली. यजमानांनी ती मोजली. पहिल्यांदा दोनशे चौदा भरली, दुसऱ्यांदा दोनशे नऊ. मोजण्यात चूक झाली असेल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "चूक नाही. एकमेकांना खाताहेत."

त्या दिवशी त्यांनी कॉलेजला सुट्टी टाकली. ओळखीच्या कंपाउंडरकडून पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, रबरी बुचांना तापलेल्या सुईनं भोकं पाडली आणि रंगाच्या बारीक ब्रशनं एकेक पिलू उचलून एकेका बाटलीत घातलं. एकशे बारा बाटल्या होत्या. ज्या पिलांना बाटली मिळाली नाही, त्यांना परसातल्या कडुनिंबाखाली सोडलं. बाटल्यांवर नंबर चिकटवायचं काम माझं. शाळेत माझ्या वर्गात चाळीस मुली होत्या, घरी एकशे बारा कोळी, आणि दोन्हीकडे रोज हजेरी घ्यावी लागे.

पिलांना खायला जिवंतच लागे. यजमानांनी मडक्यात सडकी केळी घालून चिलटं पाळली. मडक्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. चिलटं वाढली, वास सुटला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुलाला समोर बसवलं.

"बापू, आपन कोनाचा जीव नाई घेनार, असं म्हनलं ना दीक्षेत?"

"माय, आपण कुठं घेऊन राहिलो? कोळी खाऊन राहिले."

"त्याच्या तोंडात नेऊन कोन देते?"

बी.एस्सी.ला हा प्रश्न नव्हता. यजमानांनी बेडकाचं, सापाचं उदाहरण दिलं, निसर्गाचा नियम सांगितला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. कोळ्यालाही जीव आहे, त्याला उपाशी मारणं हेही पापच. म्हणून खाणं द्यायलाच हवं. पण त्या स्वतः देणार नाहीत. त्या फक्त पाणी पाजतील. चिलटं टाकायची मी, कारण मी शिकलेली होते आणि मला त्याचं काय ते समजत असेल.

तेव्हापासून रोज सकाळी त्या कापसाच्या बोळ्यानं एकेका बाटलीत पाण्याचा थेंब सोडायच्या. ते काम आटोपलं की मला हाक मारायच्या, "सूनबाई, ये. तुह्या पापाची वेळ झाली." हे त्या चिडून म्हणत नसत. चूल पेटवायची वेळ झाली, असं सांगावं तसं सांगत.

दिवाळीनंतर यजमानांना अकोल्याच्या एका कॉलेजात लेक्चररची जागा मिळाली. तोवर एकेचाळीस कोळी उरले होते. बाकीचे कात टाकताना अडकून मेले, किंवा काही कारण न दाखवता मेले. यजमान वहीत प्रत्येकापुढे तारीख आणि "कारण अज्ञात" असं लिहीत. चहाच्या लाकडी खोक्यात सरकी पसरून बाटल्या त्यात रोवल्या आणि आम्ही एस.टी.नं निघालो. खोकं टपावर ठेवायला यजमान तयार नव्हते, म्हणून ते सासूबाईंच्या मांडीवर. यजमान मागच्या बाकावर, मी खिडकीपाशी, मधे सासूबाई.

बडनेऱ्याला त्यांच्या शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, खोक्यात काय आहे. मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. औषध आहे, असं सांगायचं घरी ठरलं होतं. पण खोटं न बोलणं हेही पंचशीलात होतं आणि ते मी ठरवताना विसरले होते.

"कोयी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलीत कोळ्याचा कोयी होई.

गृहस्थांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोयी हाय का तुमी?"

"नाई. आमी बौद्ध हाओ. कोयी खोक्यात हायेत. इखारी हायेत."

गृहस्थ उठले आणि तीन बाकं पुढे जाऊन उभे राहिले. मूर्तिजापूरपर्यंत ते उभेच होते. दोन्हींपैकी नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे ते उठले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर खोकं नीट टेकवलं आणि पाय पसरले. "बरं झालं, मांडी भरून आली होती," म्हणाल्या.

अकोल्याचा उन्हाळा आमच्या कोळ्यांना मानवेना. मेळघाटातल्या झऱ्याकाठचा तो जीव, आणि इथं चैत्रातच भिंती तापायच्या. एका आठवड्यात अकरा गेले. शेवटी सासूबाईंनी तोड काढली. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे पाण्याच्या माठाखालची ओली वाळू. बाटल्या त्या वाळूत माठाभोवती गोल रोवायच्या. जे वाढले होते त्यांच्यासाठी लोणच्याच्या बरण्या आणल्या. आमच्याकडे कोणी पाणी प्यायला वाकलं की आठ-आठ डोळे त्याच्याकडे बघत. शेजारणींनी आमच्याकडचं पाणी पिणं सोडलं. माझे वडील तिवश्याहून मला भेटायला आले तेव्हा त्यांनी पेला भरला, खाली पाहिलं, पेला तसाच ठेवला आणि मला अंगणात बोलावून हळूच विचारलं, "सासरी काही त्रास तर नाही ना?" मी म्हटलं, मला काही नाही, पण सतरा नंबर चार दिवस झाले, खात नाही.

सतरा नंबर कात टाकायला आला होता, म्हणून खात नव्हता. नवी कात आली आणि तो बाटलीत मावेना. मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, यजमान त्याला बरणीत घालत असताना तो ब्रशवरून हातावर चढला आणि अंगठ्याखाली चावला. यजमानांनी आधी त्याला बरणीत घातलं, झाकण लावलं, घड्याळ पाहिलं आणि मग खाली बसले.

"वही घे," मला म्हणाले. "एक वाजून दहा मिनिटं. सुई टोचल्यासारखी वेदना. लिही."

डॉक्टरांना बोलावू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, म्हणूनच लिही. मी लिहू लागले. एक पंचवीस, हात कोपरापर्यंत जड. एक चाळीस, घाम. पण घाम मे महिन्यामुळेही असू शकेल. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजायची होती. स्वतःची नाडी मोजताना मन स्थिर राहत नाही, म्हणून ती मी मोजायची असं ठरलं.

आमच्या लग्नाला दहा-अकरा महिने झाले होते, पण घरात सासूबाईंच्या देखत मी यजमानांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. तशी रीतच नव्हती. आता सासूबाई समोर बसलेल्या, दारात शेजारणी गोळा झालेल्या, आणि मी त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत मिनिटभर बसायचे. पहिल्या वेळी आकडा चुकला. नाडी त्यांची चालली होती की माझी, तेच मला कळेना. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा मोजली. तिसऱ्या वेळेपासून, पंधरा मिनिटं झाली तरी मी मनगट सोडलं नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतलं नाही.

शेजारच्या एकीनं विष उतरवणाऱ्या माणसाला बोलावून आणलं. तो विंचवाचं उतरवायचा. कोळ्याचं म्हटल्यावर तो जरा घुटमळला. आपल्याकडे कोळ्याचा मंत्र नाही, विंचवाचा म्हणून बघतो, असं म्हणाला. सासूबाईंनी त्याला हात जोडून सांगितलं की आम्ही ते सगळं सोडलं आहे. मग त्याला गूळपाणी दिलं. तो माठाकडे न बघता ते प्यायला आणि काय होतं ते बघत बसून राहिला. साडेतीनला सूज मनगटापर्यंत आली. साडेचारला ओठ बधिर. त्या वेळी मात्र सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "बापू, आता पुरे कर ना रे." जणू ते हे मुद्दामच करून राहिले होते. सव्वापाचला ओठ जागेवर आले. सहाची नोंद माझ्या अक्षरात अजून आहे: सूज तेवढीच, नाडी ब्याऐंशी, भूक लागली. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. विष उतरवणाऱ्यानं दोन खाल्ल्या.

पावसाळ्यापर्यंत सात कोळी पूर्ण वाढले. पाच माद्या, दोन नर. सतरा नंबर मादी निघाली. हिंदुस्थानात हे पहिल्यांदाच झालं असावं, असं यजमानांना वाटत होतं. तसं पत्र त्यांनी प्रोफेसरांना घातलं आणि बघायला बोलावलं. प्रोफेसर श्रावणात आले. मी पुरणपोळी केली. माठाभोवतीच्या सात बरण्या त्यांनी वाकून पाहिल्या, वही चाळली, छान आहे म्हणाले. मग पाटावर बसून त्यांनी तळ्यातल्या माशांविषयी तासभर सांगितलं. त्यांनी आता संशोधनाला मासे घेतले होते. सरकारला मासे हवे होते, कोळी कोणालाच नको होते. यजमानांनीही मासे घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

यजमान मान हलवत राहिले. त्यांचा कान लाल झालेला मला दिसत होता. सासूबाईंनी विचारलं, "सायेब, मंग याइचं काय करा आता?"

"सोडून द्या की," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी पोळीवर तूप मागितलं.

पण सोडायचं कुठं? अकोल्यात ते जगले नसते. भाद्रपदात एका रविवारी आम्ही तिघं सात बरण्या घेऊन एस.टी.नं अकोटला गेलो. तिथून बैलगाडी करून सातपुड्याच्या पायथ्याला पोचलो आणि एका ओढ्याकाठी उतरलो. यजमानांनी बरण्या आडव्या केल्या. कोळी बाहेर येईनात. वर्षभर बरणीत राहिलेले. त्यांना बाहेर जायचं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आम्ही दगडांवर बसून वाट बघत होतो, तेवढ्यात जंगलखात्याचा नाकेदार आला. काय चोरून नेता, असं त्यानं विचारलं. यजमान म्हणाले, नेत नाही, परत करतो आहोत.

नाकेदारानं सातही बरण्या तपासल्या. नोकरीत त्यानं लाकूड, डिंक, मध, मोराची पिसं नेणारे पकडले होते. जंगलात काही आणून टाकणारा माणूस त्याला भेटला नव्हता. हा गुन्हा आहे की नाही, हे ठरवता येईना, म्हणून तो आमच्याजवळ दगडावर बसला. दुपारपर्यंत सहा कोळी एकेक करून पानांखाली गेले. सातवा जाईना, तेव्हा सासूबाईंनी बरणीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब शिंपडले आणि तो बाहेर आला. नाकेदारानं वहीत काहीतरी लिहिलं आणि यजमानांची सही घेतली. यजमानांनी ते वाचून मला दाखवलं. "सात कोळी जमा", एवढंच होतं. जमा करून घेतल्याची पावती मिळेल का, असं यजमानांनी विचारलं. त्यानं कागद फाडून पावती लिहून दिली. त्या संशोधनाचं छापील असं काही कधी झालं नाही. यजमानांनी पुढं मासेही घेतले नाहीत, बत्तीस वर्षं अकोल्यात प्राणिशास्त्र शिकवलं. त्या दुपारी पावती दिल्यावर नाकेदार आमच्याबरोबर भाकरी-ठेचा जेवला आणि अकोटची शेवटची गाडी पाचला सुटते, आता निघा, म्हणाला.