दिवाणातलं धान्य

आमचं आर्णीतलं घर म्हणजे दोन खोल्या. टाळेबंदीत दुकानं बंद झाली, घरातलं पीठ संपलं आणि मी घाबरले. तेव्हापासून काही महिन्यांचं धान्य घरात असल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण ठेवायचं कुठं? शेवटी पेटीचा दिवाण घेतला. आत गहू, ज्वारी, तुरीची डाळ. वर गादी. गादीवर मी आणि नात.

सून म्हणायची, "आत्याबाई, धान्यावर नागिनीसारख्या बसता तुमी."

"बसतो. डबा खाली झाला की रडत येजो माह्याकडं."

मागच्या पावसाळ्यात धान्यात सोंडे किडे झाले. गादीवर, भिंतीवर, नातीच्या केसांत. मी मुलाच्या मागे लागले. त्यानं एका सकाळी कृषी केंद्रातून सोंडे मारायच्या विषारी गोळ्या आणल्या, फडक्यात बांधल्या आणि धान्यात खुपसल्या. मला सांगितलं नाही. गावाकडे कोठीत हेच करत होतो आम्ही. पण कोठी गोठ्याला लागून होती, तिथं कुणी झोपत नव्हतं. एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी पावसाची झड लागली होती. खिडक्या बंद. नात दुपारची दिवाणावर झोपली होती आणि मी चुलीकडच्या खोलीत होते. तिला उठवायला गेले तर लसणाचा वास आला. घरात लसूण नव्हता.

"ऊठ व, किती झोपतं?"

"आजी, मले मळमळून राह्यलं."

एवढं बोलली आणि ओकली. मान धरेना. मी दिवाणाच्या फटीला नाक लावलं. कोठी उघडली की हाच वास यायचा, आणि सासू आम्हाला ओरडून लांब पिटाळायची.

पोरीला ओढत पावसात नेलं. सुनेला हाका मारल्या. शेजाऱ्याच्या ऑटोनं दवाखाना गाठला, तिथं वासाचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "त्या गोळीचा वायू आहे. यावर उतारा नाही. सलाईन लावतो, लक्ष ठेवतो."

उतारा नाही, हे ऐकून मी खालीच बसले. तिचा तळपाय हातात धरून ठेवला. गार वाटला की चोळायचा, पुन्हा धरायचा. मुलगा दाराशी उभा होता. "सोंड्यासाठीच टाकल्या व माय," एवढंच म्हणत होता. मी पाय चोळत राहिले. बोलले असते तर शिवीच निघाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आजी, भूक लागली." तेव्हा मी पाय सोडला.

मुलानं दिवाणातलं धान्य बाहेर काढलं, ते मी परत घरात येऊ दिलं नाही. आता बाहेर ओसरीत पत्र्याच्या कोठ्या आहेत, धान्यात कडुनिंबाचा वाळला पाला. मावतं तेवढंच घेते. ते पुरेल का, ही भीती आहेच.

दिवाणात आता गोधड्या आहेत. तरी नात झोपायच्या आधी मी झाकण उचलते, वाकून वास घेते.

"आजी, गोधड्याच हायेत त्या," ती हसते.

असू दे. मी खिडकी उघडून येते, मग तिला झोपू देते.