मांडीवरचा ऑक्सिजन

चूक माझीच होती. धापा टाकणाऱ्या लेकरापासून मी त्याच्या आईला दूर केलं आणि वर तिलाच बोललो.

मी तालुक्याच्या दवाखान्यात ब्रदर आहे. अत्यवस्थ रुग्ण आला की आधी नातेवाईक बाहेर, मग उपचार, ही माझी शिस्त. तिचा मला अभिमान होता. त्या दुपारी पिंपळगाव रेणुकाईकडून जीपने एक बाई आली. कडेवर वर्षाचा मुलगा. श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडत होते, ओठ निळसर झाले होते. मी त्याला तिच्याकडून घेऊन पलंगावर निजवलं.

"भाऊ, माझ्या मांडीवर राहू द्या न. माझ्याबिगर राहत न्हाई तो."

"बाई, हा दवाखाना हाय, पाळणाघर न्हाई. व्हा बाहेर." मी दार लावून घेतलं.

मी ऑक्सिजनचा मास्क लावायचो, तो ओरबाडून काढायचा. हात धरले, तर पाय झाडायला लागला. उरलासुरला दम रडण्यातच चालला होता. पायाच्या अंगठ्याला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. मग त्याचं रडणं बारीक होत गेलं. मला वाटलं, गप्प होतोय. तो थकत चालला होता.

डॉक्टर मॅडम आल्या. "ब्रदर, ऑक्सिजन द्यायचाय की कुस्ती खेळायचीय? आईला आत घ्या."

मी दार उघडलं. आईने त्याला मांडीवर घेऊन छातीशी टेकवलं. मी आधी नळी नुसतीच तोंडाजवळ धरली. त्याने तिचा पदर मुठीत घट्ट धरला, तेव्हा बारीक नळ्या नाकपुड्यांत बसवून गालांवर चिकटपट्टी लावली. त्याने त्या ओढल्या नाहीत. आकडा चढत गेला, ओठांवर रंग आला.

आता लहान मूल आलं की आमच्याकडे आई सोबतच आत येते. नव्या पोरांना मी हे ठामपणे शिकवतो. पण तेव्हा, तो मुलगा वॉर्डात होता तोवर, मी त्या मायलेकांच्या खाटेपुढून मान खाली घालून जायचो.

ते घरी निघाले त्या दिवशी जीप फाटकाशी हॉर्न वाजवत होती. मी धावत गेलो.

"ताई, थांबा जरा."

"काय राह्यलं, भाऊ? औषध तर घेतलं म्या समदं."

"औषधाचं न्हाई. त्या दिवशी तुमचं बराबर व्हतं. मी तुम्हाला बाहेर काढलं, वरून टोमणा मारला. माझं चुकलं, ताई. माफ करा मला."