रांगेत शेवटचे

हातपंपाच्या लोखंडाला कान टेकवून काका डोळे मिटत आणि म्हणत, "ऐकून पाहा जी, बोलून राहिला." मी ऐकलं तेव्हा मला फक्त झिजलेल्या वॉशरची घरघर ऐकू आली. त्यांनाही तीच येत असे. पण तेवढ्यावरून कितव्या पाइपाखाली बिघाड आहे ते काका अचूक सांगत. निरीक्षणावरून निष्कर्ष काढणारी अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पदवी मात्र माझ्याकडे होती.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या दोन गावांची ती पुनर्वसन वसाहत. रस्त्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं, आणि दोघांचं एकमेकांशी मुळीच जमत नसे. काका दोन्हींपैकी कुठलेच नव्हते. एका मिशन दवाखान्यातून फिटर म्हणून निवृत्त होऊन वसाहतीच्या टोकाला राहायला आलेले. तिथलं एकमेव ख्रिस्ती घर त्यांचं. रस्त्याकाठी बंद पडलेला हातपंप त्यांनी स्वतःच्या हत्यारांनी उघडला, तेव्हा अलीकडच्या शकुनबाईंनी त्यांना हटकलं होतं.

"काहून जी काका, पाणी पाजून आमाले किरिस्ताव करता का?"

"पयले हा पाना धर. धरमाचं मंग पाहू."

पंप सुरू झाल्यावर त्यांनी एकच अट घातली. रांग एकच लागेल; एक दिवस पहिला हंडा अलीकडचा, दुसऱ्या दिवशी पलीकडचा. स्वतः ते कायम शेवटी उभे राहत. कोणी पुढे बोलावलं तर म्हणत, "माहा नंबर ठरलेला हाय." त्या रांगेत आधी भांडणं झाली, मग भाजीपाल्याच्या गप्पा झाल्या, आणि दोनेक वर्षांनी शकुनबाईंच्या सुनेच्या बाळंतपणात पलीकडची बाई रात्रभर बसली. हे सगळं मला शकुनबाईंनीच सांगितलं.

रविवारी काका भंडाऱ्याला प्रार्थनेला जात. हात साबणाने दोनदा धुऊनही नखांत ग्रीस राहत असे. "तिथं चालते," ते म्हणत.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवी होते आणि मला लवकर पुढे जायचं होतं. आमच्या यादीत तो पंप 'बंद' म्हणून नोंदलेला होता. त्यामुळे वसाहत सहा वर्षं ज्याचं पाणी पीत होती, त्याचा नमुना कोणी एकदाही घेतला नव्हता. तो चालू दिसला म्हणून मी बाटली भरत असताना शकुनबाईंची थोरली, आठेक वर्षांची नात माझ्याकडे पाहून हसली आणि तिच्या पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे मला दिसले. उत्तर मला तिथेच कळलं. प्रयोगशाळेत ते खरं ठरलं तेव्हा मला आनंद झाला होता, हेही नोंदवायला हवं.

अहवाल घेऊन मी काकांकडे गेले. फ्लोराइड मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त होतं.

"पंप दुरुस्त केल्याचं कळवलं का नाही?" मी विचारलं.

"कळवाचं कायले? पाणी तं येऊन राहिलं होतं." त्यांनी अहवाल घडी करून परत दिला. "चवीले तं गोड होतं जी."

"फ्लोराइड चवीवरून कळत नाही."

"मी सगळ्याईच्या शेवटी पेत होतो. सगळ्याईच्या पयले प्याले पाहिजे होतं."

त्याने काहीच फरक पडला नसता. ते पट्टे वाढत्या वयातल्या दातांवर उमटतात, म्हाताऱ्या माणसाच्या नव्हे. मी हे त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. माझं म्हणणं बिनचूक होतं आणि अगदी निरुपयोगी.

"मंग आता हे लोकं कुठचं पाणी पेतीन, बेटा?"

"ते दुसरा विभाग पाहतो," मी म्हणाले.

पाणी पिऊ नये याची खूण म्हणून पंपाला लाल रंग त्यांनी स्वतः लावला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरोघर जाऊन माफी मागितली. शकुनबाईंच्या ओसरीवर मी सोबत होते. "तुह्या नातीचे दात माह्या हातानं गेले," काका म्हणाले. शकुनबाई "बसा" म्हणाल्या. पाणी मात्र त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर काका मैलभरावरच्या एका शेतातल्या विहिरीचं पाणी सायकलवरून आणू लागले. त्या विहिरीचा नमुना मी तपासून दिला होता. माझा सहभाग एवढाच. लहान लेकरं असलेल्या घरांना आधी पाणी, आणि त्यातही एक दिवस अलीकडच्या बाजूने सुरुवात, एक दिवस पलीकडच्या. हिवाळ्यात ते आजारी पडले आणि मुलीने त्यांना भंडाऱ्याला नेलं. ते वारल्याचं मला उशिरा समजलं. मातीला दोन्ही बाजूंची माणसं गेली होती. दोन वेगळ्या गाड्यांतून.

परवा पुन्हा नमुने घ्यायला गेले, तेव्हा टँकर उभा होता. त्याला दोन नळ, आणि दोन नळांवर दोन रांगा. मी काही वेळ थांबले. अलीकडच्या रांगेत शकुनबाई शेवटी होत्या. त्यांचा हंडा भरला तरी त्या नळापासून हलल्या नाहीत.

"झालं ना बाई? बंद करू?" टँकरवाल्याने विचारलं.

"थांब जरा," म्हणत त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, फक्त लाल पंप होता. त्या तशाच पाहत राहिल्या, आणि नळ वाहत राहिला.