आयती पेन्सिल प्रिंट

"साहेब, कशाला खोलून राहिलात? प्रिंट तयार हाय की."

माधवराव बिरादारांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कागदाची एक पट्टी काढून माझ्यापुढे धरली. तोवर माझा चौथा स्क्रू निघाला होता. आठ बाकी होते. लातूरला त्यांच्या अभ्यासिकेमागच्या शेडमध्ये मी फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो आणि समोर त्यांची स्कूटर उभी होती. परदेशी बनावटीची, चारशे सीसीची, पुढे मोठी काच, मागे दोन हेल्मेट मावतील एवढी डिकी. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली गाडी. लातुरात तशी दुसरी मी पाहिली नव्हती.

मी विमा कंपन्यांसाठी गाड्या तपासतो. याला सर्व्हेअर म्हणतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वर्षभरात लायसन्स घेतलं, तेव्हापासून हेच करतोय. गाडीचा विमा संपून बरेच दिवस झाले असतील तर कंपनी नवी पॉलिसी देण्याआधी सर्व्हेअर पाठवते. त्याला ब्रेक-इन इन्स्पेक्शन म्हणतात. गाडी खरीच आहे का, धड आहे का, एवढं बघायचं आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायची. म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची. आकडे कागदावर उमटतात. लहानपणी आपण नाण्यांचं करायचो तसंच. नवी गाडी घेताना शोरूमवाले चार-पाच प्रिंट जादा काढून देतात, आणि लोक त्या आरसी बुकासोबत जपून ठेवतात.

गाडी विकत घेणारे गवळी सर शेडच्या दारात खुर्चीवर बसले होते. नांदेडच्या एका कोचिंग क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवतात. मूळ गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात भिंत अंगावर आली तेव्हा ते सात वर्षांचे होते. डावा घोटा तेव्हापासून वळत नाही, त्यामुळे गिअरची गाडी चालवता येत नाही. साध्या स्कूटरवर पाय दुमडून बसलं की तासाभरात पाऊल सुजतं. या स्कूटरवर पाय पुढे लांब करता येत होता. त्यांच्या क्लासने लातूरला शाखा काढली होती आणि शुक्रवार ते रविवारची बॅच सरांना देऊ केली होती. बसने दोनदा उशीर झाला होता. क्लासच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपर्यंत येण्याजाण्याची सोय करा, नाहीतर बॅच दुसऱ्याला देतो.

गाडी तपासताना मला सगळ्याचाच संशय आला. रंग इतका चांगला कसा? पुढच्या शॉकअपला तेलाचा डाग नाही, कुणी सकाळीच पुसला का? टायर नवे का? ब्रेकची डिस्क जाड, बेल्ट ठीक, इंजिन हाकेला ओ द्यावी तसं चालू झालं. इंजिन नंबर आरसीशी जुळला. निर्दोष जुनी गाडी दिसली की मी जास्तच खोलात शिरतो.

"विकता कशाला?" मी माधवरावांना विचारलं.

"मला लई उंच पडते, साहेब. गल्लीत वळवता येईना. पोरं हसतेत."

हे कारण मला पटलं नाही. साडेपाच फुटांचा माणूस, उंच कशी पडेल? त्यात चहा दोनदा आला होता. आणि आता ही आयती प्रिंट.

"मी माझीच घेतो," मी म्हणालो.

"घ्या, घ्या. वेळ जाईल म्हनून बोललो."

बारावा स्क्रू निघाला, पॅनेल बाजूला केलं, चिंधीने धूळ पुसली, कागद धरला, पेन्सिल घासली. कागद उजेडात नेऊन आरसीशी लावला. शेवटचे पाच आकडे वेगळे होते. पुन्हा घेतली. तेच. इंजिन कागदावरच्या गाडीचं, सांगाडा दुसऱ्याच गाडीचा. मोठा अपघात झाल्यावर कुणीतरी सांगाडा बदलला होता, आणि तो कुठून आणला ते देव जाणे. चोरीचाही असू शकतो.

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माणूस बरोबर ओळखला होता.

"माधवराव, हा सांगाडा कुठला?"

"कुठला म्हंजे? गाडीचाच."

मी आरसी आणि माझी प्रिंट दाखवली; त्यांची आयती पट्टी मात्र आरसीशी जुळत होती. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा बोटाने वाचला. मग आत गेले आणि एक फाइल घेऊन आले.

"साहेब, मी घेतली तवाबी विमा संपल्याला व्हता. गाडीच्या आधीच्या मालकानं नांदेडला हा रिपोर्ट दाखवला. ह्यो बघूनच घेतली मी. ही सही तुमचीच हाय न्हवं?"

सही माझीच होती, दोन वर्षांपूर्वीची. वर तसलीच एक पट्टी डकवलेली आणि खाली छापील वाक्य: चेसिस नंबर प्रत्यक्ष पडताळला.

मला तो दिवस आठवला; तेव्हा गाडीकडे धड पाहिलंही नव्हतं, म्हणून आज ओळखली नाही. हदगावला एक ट्रक उलटला होता आणि तिथे पोचायची घाई होती. नांदेडच्या त्या मालकाने हसत पट्टी पुढे केली होती. बारा स्क्रू बघून मी ती घेतली होती. एवढंच. मघापासून मी ज्या माणसाला चोर समजत होतो, तो माझ्याच भरवशावर फसला होता.

गवळी सर उठून जवळ आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"साहेब, लावा ना तीच प्रिंट. मला गाडी चालवायची आहे, विकायची नाही."

"उद्या रस्त्यात काही झालं तर कंपनी एक पैसा देणार नाही. पोलिसांनी अडवलं तर गाडी जप्त."

"सोमवारी बॅच जाईल माझी."

"कळतंय मला. पण सही होणार नाही."

"हा कडकपणा दोन वर्षांपूर्वी कुठे होता?"

मी पेन्सिल खिशात घातली.

बाहेर येऊन मी विमा कंपनीच्या नांदेडच्या ब्रँच मॅनेजर मॅडमना फोन लावला.

"ब्रेक कमजोर म्हणून नॉट रेकमेंडेड लिहा आणि या," त्या म्हणाल्या. "जुनं कशाला उकरता?"

"मॅडम, मग हे गृहस्थ गाडी दुसऱ्याला विकतील. तोही फसेल."

"कंपनीच्या सर्व्हेअरांच्या पॅनेलवरून तुमचं नाव जाईल, माहितीये ना?"

"माहितीये."

मी तिथेच बसून दोन रिपोर्ट लिहिले. एक नवा. दुसरा जुन्याबद्दल: तेव्हा मी चेसिस नंबर पाहिला नव्हता. त्याची एक प्रत माधवरावांना दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता ह्या कागदावर तरी भरोसा ठिवू का?"

ते तो कागद घेऊन पोलिसांकडे गेले. गाडी ठाण्याच्या आवारात जमा झाली, आणि अजून तिथेच आहे. कंपनीने मला आठ महिने एकही काम दिलं नाही. सरांची लातूरची बॅच दुसऱ्या सरांकडे गेली. समोरच्यावर संशय घेणं हा आमचा धंदाच आहे, त्यात कौतुक काही नाही. तो स्वतःच्या सहीवर घ्यायला मला इतकी वर्षं लागली.

पुढच्या वर्षी गवळी सरांचा फोन आला. नांदेडातच एक जुनी ऑटोमॅटिक कार पाहिली होती, क्लासच्या मालकांनी लातूरचं पुन्हा विचारलं होतं. तपासायला मीच हवा होतो. मला नवल वाटलं आणि आनंदही झाला. वेळेआधी पोचलो तर सर माझ्याही आधी आलेले. गाडीचं दार उघडं, सीटपुढची चटई उचललेली, आणि सर आखडलेला पाय बाहेर ठेवून वाकून पेन्सिल घासत होते.

"माझी झाली," ते म्हणाले. "आता तुमची घ्या."

मी घेतली. सरांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, आकडा आकडा आरसीशी ताडून पाहिला आणि मगच मला चहा विचारला.