मनराखनची बांगडी

रविवारी सकाळी नऊ ते दहा छत्तीसगडातल्या आमच्या भाटापाऱ्यात कुणाच्या घरी जायचं नसतं. गेलात तर दारातच बसवून ठेवतील, आणि चहा दहा वाजल्याशिवाय मिळायचा नाही. त्या तासाला गावच्या रेडिओवर 'जुना तांदूळ' लागतो. साठ ते सत्तर सालातली गाणी, आणि त्या गाण्यांवरून फोन करकरून भांडणारी म्हातारी माणसं. एका तासात गाणी वाजतात चार, बाकी सगळी वादावादी. बासरी कुणी वाजवली, दुसरा अंतरा रेकॉर्डवर का नाही, अमक्या गाण्यात खोकला ऐकू येतो तो गाणाऱ्याचा की तबलजीचा. बाहेरच्या माणसाला वाटेल वेड लागलंय. आमच्याकडे याला श्रोता संघ म्हणतात.

रमशीला साहू हा कार्यक्रम सहा वर्षं न चुकता ऐकत होती, आणि तिने एकदाही फोन केला नव्हता. म्हणून तिला बोलायचं नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. अडुसष्ट वर्षांची ही बाई रेडिओ ओट्यावर ठेवून, फोडणी देता देता, फोनवरच्या प्रत्येकाला परस्पर उत्तर द्यायची. अमका बहिरा झालाय, तमक्याने ते गाणं जन्मात ऐकलेलं नाही. तिची सून यामिनी हसून हसून बेजार व्हायची. म्हणायची, "अम्मा, हे त्यांना सांगा ना, भिंतीला कशाला सांगता?" रमशीला म्हणायची, भिंत मधे बोलत नाही.

खरं कारण वेगळं होतं. त्या श्रोता संघाचा अध्यक्ष तिचा सख्खा मोठा भाऊ, मनराखन साहू. आणि तो अध्यक्ष फर्माइशीच्या ज्या पोस्टकार्डांमुळे झाला होता, ती सगळी रमशीलेने लिहिली होती.

पासष्ट साल. ती सोळा वर्षांची, भाऊ बावीसचा, पोह्याच्या मिलमध्ये पोती तोलायच्या कामावर. घरात नवाकोरा रेडिओ आलेला. त्या काळी फर्माइशीचं वेड असं होतं की दूरदेशीच्या निवेदकाने भाटापाऱ्याचं नाव घेतलं की बाजारातली माणसं घास हातात धरून थांबायची. बाबूजींनी मात्र बजावून ठेवलं होतं की पोरीचं नाव रेडिओवर आलं तर पाय मोडून घरात बसवीन. मग पोरीने भावाच्या नावाने कार्डं लिहायला सुरुवात केली. भावाला काय, बसल्या जागी नाव होतंय म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणतोय?

कार्डाच्या शेवटी नावं लिहायची रीत होती. ती लिहायची: मनराखन, मग त्याचे दोस्त ढेलूराम, तिलक, गणेश. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, रमशीला. प्रत्येक कार्डावर. बाबूजींच्या नाकावर टिच्चून. नाव वाचलं गेलं असतं तर घरात काय झालं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी लिहायची. आणि कार्ड वाचलं जाताना दाराआड श्वास कोंडून उभी राहायची. मनराखन, ढेलूराम, तिलक, गणेश... "आणि त्यांचे साथी." दर वेळी. निवेदकाकडे वेळ कमी, कार्डं ढीगभर, चार नावांच्या पुढे कोण जातंय? पुढे लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडे साहूंच्याच दुसऱ्या घरात नांदायला गेली, तिथेही भाऊ कोरी कार्डं घेऊन यायचा. अकरा वर्षं लिहिलं तिने. एकदाही तिचं नाव वाचलं गेलं नाही.

मनराखनने मात्र एकही कार्ड कधी वाचलं नाही. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. रेडिओ लागला की पाच मिनिटांत घोरायचा. पण गोंदियाहून, कटनीहून माणसं त्याला बघायला यायची, हार घालायची, आणि तो हार घालून घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त होत होत त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

त्यातलं सदुसष्ट सालचं एक कार्ड तर दंतकथाच झालं. रमशीलेने लिहिलं होतं की बासरीने सुरू होणाऱ्या त्या द्वंद्वगीतात, दुसऱ्या अंतऱ्यात, गाणाऱ्या बाईच्या हातातली बांगडी घसरलेली ऐकू येते. निवेदकाने ते जसंच्या तसं वाचलं, आणि तेव्हापासून लोक रेडिओला कान लावून ती बांगडी शोधताहेत. निम्म्यांना ऐकू येते, निम्म्यांना नाही. सगळे तिला मनराखनची बांगडी म्हणतात. गोवर्धन सोनी हा आमचा सोनार चाळीस वर्षं शपथेवर सांगतोय की तो बशीत चमचा वाजल्याचा आवाज आहे, आणि बांगड्यांतलं त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?

रमशीलेला कळत होतं. बाबूजी ओसरीवर रेडिओ ऐकत बसले की ही दाराआड उभी राहायची, काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून, वर पदर गुंडाळून. एक जरी वाजली तरी "कोण आहे तिकडे" म्हणून हाक यायची आणि गाणं अर्ध्यावर सोडून आत पळावं लागायचं. कोपरावरून मनगटाकडे घसरणाऱ्या काचेचा आवाज तिच्याइतका कुणाला पाठ असणार? रेकॉर्डवर तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने दचकून स्वतःचं मनगट धरलं होतं. तिला वाटलं, आपलीच घसरली.

तर ती अडुसष्टची झाली त्या वर्षी झालं असं. एक जुना निवेदक वारला, आणि त्याच्या घरच्यांना ट्रंकेत भाटापाऱ्याची तेवीस कार्डं सापडली. त्यांनी ती आमच्या श्रोता संघाकडे पाठवून दिली. संघात आनंदीआनंद. रविवारचा पूर्ण तास मनराखनच्या कार्डांचा करायचा ठरलं. तो स्टुडिओत बसणार, शाल-श्रीफळ होणार, आणि निवेदिका हेमपुष्पा एकेक कार्ड वाचणार.

शुक्रवारी दुपारी मनराखन बहिणीकडे आला. बेसनाच्या ठेठरीची बशी पुढे ओढून म्हणाला, ती हेमपुष्पा बांगडीचं विचारणार, तेवढं चार ओळींत लिहून दे. रमशीला धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "या वेळी माझं नाव घे, भैया. मग लिहिते."

"आता या वयात नाव घेऊन करायचंय काय तुला?"

"तू काय करतोस त्याचं?"

मनराखन हसला. लहानपणापासून बहिणीचं बोलणं त्याने असंच हसण्यावारी नेलं होतं. आपले बाबूजी असते तर काय म्हणाले असते, वगैरे पुटपुटला, उरलेली ठेठरी खिशात घातली आणि गेला. रमशीलेने लिहून दिलं नाही. पण रविवारी नऊ वाजता रेडिओ लावलाच. म्हटलं, आता कार्डंच समोर आहेत. आता कोण गाळणार?

हेमपुष्पाने पहिलं कार्ड फार सुरेख वाचलं, जुन्या निवेदकांच्या थाटात. आणि थाट पुरा करायचा म्हणून शेवटही तसाच केला: मनराखन, ढेलूराम, तिलक, गणेश आणि त्यांचे साथी. दुसऱ्या कार्डालाही तेच. यामिनीने सासूकडे पाहिलं. रमशीला तव्यावरचा चिला उलटत होती. चिला करपला होता.

मग बांगडीचं कार्ड आलं. हेमपुष्पाने विचारलं, दादाजी, एवढा बारीक आवाज तुम्हाला कसा काय ऐकू आला? मनराखन म्हणाला, मन लावून ऐकायचो, गाणं सुरू झालं की जेवणाची शुद्ध राहायची नाही. रमशीला ऐकून घेत होती. हे तिने पन्नास वर्षं ऐकून घेतलंच होतं. तेवढ्यात गोवर्धन सोनीचा फोन आला. तो म्हणाला, आज तुम्ही समोर बसलाच आहात तर सोक्षमोक्ष होऊ द्या, बांगडी की चमचा? मनराखनने घसा खाकरला. आणि म्हणाला, "आता तुम्ही सोनार माणूस. म्हणता तर असेलही चमचा. पोरवयात काहीतरी लिहून गेलो."

रमशीलेने गॅस बंद केला.

नाव घेतलंस, हार घेतलेस, अध्यक्षपद घेतलंस, ते सगळं तिने सोसलं होतं. पण जे तिने कान देऊन ऐकलं, जिवावर उदार होऊन ऐकलं, ते हा माणूस चारचौघांत सोनाराच्या पदरात टाकून मोकळा झाला. असेलही चमचा म्हणे. ज्याचं नाही त्याला द्यायला काय लागतं? तिने यामिनीला नंबर लावायला सांगितला.

हेमपुष्पाने रिवाजाप्रमाणे नाव-गाव विचारलं.

"रमशीला साहू, भाटापारा. ती बांगडीच आहे. काचेची आहे, आणि एकच आहे. दोन असत्या तर एकमेकींवर आपटल्या असत्या. सोनीला म्हणावं, तू सोन्याच्या विकतोस, काचेतलं तुला काय कळणार?"

स्टुडिओत हशा झाला. हेमपुष्पा म्हणाली, काकी, एवढ्या खात्रीने कसं सांगता?

"मी ऐकलं म्हणून. ते कार्ड मी लिहिलंय. सगळीच मी लिहिली आहेत."

मग मनराखनचा आवाज आला, गोडीगुलाबीचा. म्हणाला, ही माझी धाकटी बहीण, कार्डं पेटीत टाकायला हिलाच धाडायचो, हिलाही तेव्हा भारी नाद होता. पुन्हा हशा. यामिनीने घाबरून सासूचा दंड धरला. रमशीलेने तो सोडवला.

"हेमाबेटी, कार्ड तुझ्या हातात आहे ना? त्यावर 'आणि त्यांचे साथी' कुठे लिहिलंय ते मला दाखव."

कागदाचा आवाज आला. मग हेमपुष्पा चाचरत म्हणाली, तसं लिहिलेलं नाही.

"मग काय लिहिलंय? आहे तसं वाच. गाळू नकोस."

"मनराखन, ढेलूराम, तिलक, गणेश..." ती थांबली. "रमशीला."

आणि त्या क्षणी मनराखनने स्वतःच घात करून घेतला. गावभर लागलेल्या रेडिओवर, अगदी भाबडेपणाने, तो म्हणाला, "यात हिचं नाव कुठून आलं?"

पानठेल्यापासून मिलच्या फाटकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं ते. स्वतःच्या कार्डावर काय लिहिलंय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आणखी काय विचारायचं? सोनीचा पुन्हा फोन आला नाही.

"दुसरं काढ," रमशीला म्हणाली.

हेमपुष्पाने दुसरं काढलं. मग तिसरं. रमशीलेने तिला तेवीसच्या तेवीस वाचायला लावली. जाहिराती राहिल्या, शाल-श्रीफळ राहिलं. सातव्या-आठव्यापासून हेमपुष्पा वरची चार नावं सोडून थेट शेवटचंच वाचायला लागली. रमशीला ओट्याला टेकून मोजत उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. बाबूजी असते तर? असते तर त्यांनीही ऐकलं असतं. मोडा म्हणावं आता पाय.

शेवटी हेमपुष्पाने विचारलं, काकी, ते गाणं लावू का? फर्माइश कुणाच्या नावाने सांगू?

"रमशीला साहू, भाटापारा. आणि साथी."

"साथींची नावं?"

"वेळ नसेल तर राहू देत."

गाणं लागलं. दुसऱ्या अंतऱ्याला आमच्या आळीत कुणी भांडंसुद्धा वाजवलं नाही. नंतर बऱ्याच जणांनी शपथेवर सांगितलं की बांगडी अगदी स्पष्ट ऐकू आली. त्यांत चमच्याच्या बाजूचेही होते.

साडेदहाला मनराखन आला. शाल घडी करून काखेत मारलेली. जिना चढून धाप लागावी तसा दारात उभा राहिला, मग पाटावर बसला. यामिनीने पाणी दिलं, ते त्याने प्यायलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण रडवेला झाला होता. रमशीलेला वाईट वाटलं नाही असं नाही. पण माफी मागावी असं काही तिच्याकडे नव्हतं.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," तो म्हणाला.

"आरशात बघ. आहे तसंच आहे."

बाहेर शेजारणी गोळा व्हायला लागल्या होत्या. कुणीतरी तिला नावाने हाक मारली. फलाण्याची आई नाही, मनराखनची बहीण नाही, सरळ नावाने.

"संघात आता मी कोण?" त्याने विचारलं. खरंच विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

रमशीलेने गरम चिला त्याच्या ताटात वाढला.

"श्रोता," ती म्हणाली. "बावन्न वर्षांत झाला नाहीस. आता हो."