सगळे घेतात तो पट्टा

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्या कानात ते काय आहे?" मी उत्तर देईपर्यंत तुमची शाळेची बस आली. म्हणून नीट लिहून पाठवते.

ते श्रवणयंत्र नाही. तुमच्या आजोबांनी तशी अफवा पसरवली असेल तर ती खोटी आहे. तो कानातला बिनतारी मॉनिटर आहे. स्टेजवर गाणाऱ्याला आपला आवाज आणि पेटी थेट कानात ऐकू येते, म्हणजे बाहेर कितीही गोंगाट असला तरी सूर सुटत नाही.

माझा सुटला होता. गेल्या वर्षी धुळ्याला भजनाच्या कार्यक्रमात भोंगे एवढे मोठे होते की मला पेटी ऐकूच येईना. पेटी एकीकडे आणि मी भलतीकडे, असं पूर्ण एक भजन झालं. परतीच्या गाडीत अक्का, म्हणजे आमच्या मंडळाच्या प्रमुख आणि पेटी वाजवणाऱ्या, गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वर्षीही असं झालं, तर तुम्ही मागे बसा. टाळ छान वाजवता तुम्ही."

मी टाळ अजिबात छान वाजवत नाही. हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

तेव्हा मंडळाने हे यंत्र घ्यायचं ठरवलं. माहितीपुस्तिका इंग्रजीत, म्हणून निवड माझ्याकडे आली. मी आठवडाभर चष्मा लावून वाचलं. एकच यंत्र वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळतं. पट्टा म्हणजे हवेतल्या लहरींचा एक ठरावीक भाग. एकदा घेतला की यंत्र त्या भागाबाहेर जात नाही. वाय-फायच्या पट्ट्यात सगळ्यांच्या मोबाइलची गर्दी. काही पट्टे मोबाइल कंपन्यांच्या वाट्याचे, तिथे आपण शिरायचं नाही. हे सगळं मी शिस्तीत समजून घेतलं आणि जळगावला दुकानात गेले.

दुकानदार राजस्थानी शेठ, तीन पिढ्या जळगावात. त्यांनी दोन खोकी पुढे ठेवली. एक चकचकीत. दुसऱ्यावर इतकी धूळ की त्यांनी ती आधी फडक्याने झटकली.

"काकू, हा घ्या," चकचकीत खोक्यावर थाप मारून ते म्हणाले. "पारोळा, रावेर, पहूर, बँडवाले, मंडपवाले, सगळे हाच नेतात."

"आणि तो?"

"तो वेगळ्या पट्ट्याचा आहे. कोणी विचारत नाही त्याला."

झालं. आठवडाभराचा अभ्यास मी दुकानाच्या पायरीवर सोडला आणि सगळे नेतात तो घेतला. आपल्याकडे कुकर, डॉक्टर आणि जावई असेच निवडतात. चार जणांकडे आहे ना, मग चांगलाच असणार. घरी अक्कांना बोलावून लावून पाहिला. पेटी इतकी स्वच्छ ऐकू आली की मी अक्कांना दोन चुका दाखवल्या. त्या त्यांना आवडल्या नाहीत.

यंदा पुन्हा धुळे. आमच्या सभागृहाला लागूनच मंगल कार्यालय, तिथे संध्याकाळचं लग्न. आमच्या आधीचं मंडळ गात होतं, तेव्हा मी विंगेत उभी राहून कानात मॉनिटर घातला आणि ऐकलं, "वरपक्षाच्या मंडळींना विनंती, गाड्या गेटसमोरून काढा."

मी त्याच पट्ट्यातलं दुसरं चॅनेल लावलं. तिथे कोणी बाई हळदीकुंकवाला बोलावत होत्या. तिसऱ्यावर कोणीतरी नुसतं "हॅलो, हॅलो" करत होतं. चौथ्यावर एक गृहस्थ ओरडले, "बट्टी संपली, परात पाठवा!" आमच्या यंत्रात चारच चॅनेलं आणि चारही लग्नाला गेलेली. सगळे नेतात तोच पट्टा लग्नातल्या बिनतारी माईकवाल्यांनीही नेला होता.

अक्कांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वहिनी, टाळ काढून ठेवू का?"

"थांबा," म्हटलं आणि त्यांच्या दंडाला धरून सरळ शेजारच्या लग्नात गेले. नवरीचे मामा, म्हणजे चौथ्या चॅनेलवरचे बट्टीवाले गृहस्थ, फेटा सावरत माईक हातात घेऊनच उभे होते. मी सगळं समजावून सांगितलं.

"माय, माईक बंद करू?" ते म्हणाले. "बठ्ठा पाहुणा उपाशी राहतीन!" बठ्ठा म्हणजे अहिराणीत सगळे. मग त्यांनी माझ्या नऊवारीकडे आणि अक्कांच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे पाहिलं. "भजनवाल्या का तुमी? एक काम करा. आमना भटजीना घसा बशेल शे. मंगलाष्टकं तुमी म्हणा. मंग तुमनं भजन होईपर्यंत माईक बंद."

म्हणून मी अनोळखी लग्नात मामांच्या माईकवर मंगलाष्टकं म्हटली. कानातलं काढायचं घाईत राहून गेलं होतं. आता गंमत पाहा. मामांचा माईक आणि माझा मॉनिटर एकाच चॅनेलवर, त्यामुळे मी तोंड उघडलं आणि माझाच आवाज माझ्या कानात आला, अगदी स्वच्छ. इतक्या वर्षांत मी स्वतःला इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं. बाहेर वाजंत्री, पोरं, फटाके, काही असो, मी सुरातच. "शुभमंगल सावधान"ला अक्षता पडल्या, त्यातल्या बऱ्याचशा माझ्यावर. अक्कांनी माझ्या केसांतल्या अक्षता स्वतः झटकल्या.

मामांनी शब्द पाळला. आमचं भजन सुरू झालं आणि कानात फक्त पेटी आणि मी. मधल्या शांत जागी भिंतीपलीकडून त्यांचा बिनमाईकचा आवाज येत होता, "बसा, बसा, वांग्याची भाजी येतेय!" पण तो भिंतीतून येत होता, कानातून नाही. सूर सुटला नाही.

परतताना गाडीत अक्कांनी टाळांची पिशवी उचलून पुढच्या सीटवर बसलेल्या आपल्या नव्या सुनेच्या मांडीवर ठेवली. "ही शिकेल," म्हणाल्या. आणि मला, "वहिनी, तेवढा तो डबा बदलून आणा. दर वर्षी लग्नं कुठे लावत बसायची?"

दुसऱ्या दिवशी मी शेठांकडे जाऊन धुळीचं खोकं घेतलं. त्यांनी ते पुन्हा एकदा झटकलं आणि म्हणाले, "काकू, चांगला निघाला तर चार जणींना सांगा."

"शेठ," मी म्हटलं, "मी एकीलाही सांगणार नाही. आणि तुम्हीही कोणाला सांगू नका."

तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही फार लांब आहात.