देवघरातला मिणमिणता बल्ब

ती घटना आठवली की आजही ओशाळायला होतं. जामखेड तालुक्यातल्या एका घरी मी पंचनाम्याला गेलो होतो. अंधाऱ्या देवघरात मंद उजेड दिसला. मी टोपी काढून भक्तिभावाने हात जोडले.

घरची म्हातारी म्हणाली, "साहेब, समई न्हाई ती. एलईडीचा बल्ब हाय. बटन बंद केलं तरी मिणमिणतो. देवाची किरपा."

हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकला.

त्या सकाळी म्हातारीच्या सुनेला करंट लागला होता. ती नगरच्या दवाखान्यात होती. तिच्या भावाने ठाण्यात येऊन खबर दिली, "आदल्या दिवशी भांडण झालं हुतं. दाजींनीच डाव साधला."

शुद्धीवर आल्यावर सुनेने जबाब दिला, "त्यांनी बटन बंद केलं म्हनून सांगितलं. मग मी वल्लं फडकं देवघरातल्या होल्डरवरनं फिरवलं."

नवऱ्याला समोर बसवलं. तो एकच धरून बसला, "बटन बंद केलं हुतं, साहेब. देवाशपथ!"

"मग करंट काय आकाशातून आला?" मी टेबलावर हात आपटला. त्याच्यावर गुन्हा दाखल करायचा, हे मनात ठरलंच होतं. पण खोटं बोलणारा माणूस हळूहळू गोष्ट बदलतो, असा माझा अनुभव. हा बदलेना. तेव्हा मला ती 'देवाची किरपा' आठवली. बटन बंद, मग बल्बला उजेड कुठला?

वायरमन आणि नवरा, दोघांना घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. बटन बंद करून त्याने होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बटन करंट आणणाऱ्या वायरवर हवं, ते परतीच्या, न्यूट्रलच्या वायरवर टाकलंय, साहेब. दिवा विझल्यासारखा होतो, पण करंट होल्डरात तसाच, म्हणून मिणमिणतो. त्यात होल्डर तडकलेला. मिणमिणण्याची कारणं दुसरीही असतात, पण दिसलं की तपासून घ्यावं."

"वायरिंग कोणी केलं?"

नवरा खाली बसला. "मीच. मोबाईलवर बघून."

विद्युत निरीक्षकांच्या अहवालातही तेच आलं. तो सुटला, पण घरी न जाता थेट दवाखान्यात गेला. खरं बोलणाऱ्या माणसाची समजूतही चुकीची असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याचा त्या बटनावर भरवसा होता, माझाही होता.

घरी हा तपास मी बायकोला जरा रंगवूनच सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, आपल्या न्हाणीघरातला बल्ब दिवाळीपासून मिणमिणतोय. तुम्हीच म्हणाला होतात, राहू दे, रात्री उपयोगी पडतो."